टोपात भरलेला वर्ग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण तुमच्याशी बोलतोय तो एक टोप आहे. स्टीलचा, आठ माणसांचा भात एका वेळी शिजेल एवढा, बुडाशी काळा आणि एका बाजूने चेपलेला. पण मला अडाणी समजू नका. गावठी कोंबडीपालनाचा अख्खा अभ्यासक्रम माझ्या पोटात आहे, आणि तो तिथे कसा गेला तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा दाबला, मी झालो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला घर मिळालं ते नवसूमामामुळे. भाचीचं, म्हणजे सावळीचं, लग्न ठरलं तेव्हा तो मुरबाडच्या बाजारात आला, दुकानातले दहा टोप टिचक्या मारून वाजवून पाहिले आणि माझ्यावर बोट ठेवलं. दुकानदाराने मशीनने माझ्या कुशीवर नावं कोरली. मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. मग आहेर म्हणून मी डोंगराकडच्या एका पाड्यावर, सावळीच्या सासरी आलो.

बारा-तेरा वर्षं भात शिजवला. कधी नागलीची आंबील, कधी पाहुण्यांना चहा. एकदा सावळीच्या हातातून निसटून दगडावर पडलो, तेव्हाच हा पोचा आला. ती माझ्यावरच ओरडली. माणसांची ही खोड मी पुष्कळदा पाहिली आहे.

दोन वर्षांपूर्वी सावळीच्या एकोणीस कोंबड्या आठ दिवसांत गेल्या. मान वाकडी व्हायची, कोंबडी गरगर फिरायची आणि पडायची. पाड्यावर या रोगाला मानमोडी म्हणतात. सावळीने परसात खड्डे खणून एकेकीला पुरलं. त्या आठवड्यात माझ्यातला भात उरायचा, कारण ती जेवतच नव्हती. पुढे आईने माहेरून अकरा पिल्लं पाठवली. त्यांना ती डालग्याखाली झाकायची आणि पुन्हा पुन्हा उचलून बघायची, सगळी जिवंत आहेत ना.

म्हणून फोनवर कोंबडीपालनाचा वर्ग सुरू होतोय असं कळल्यावर तिने हट्टच धरला. फोन घरात एकच, नवऱ्याचा, मंगळ्याचा. तो भाताच्या गिरणीत कामाला. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी असायचा. त्या दोन दिवशी तो फोन घरी ठेवून जायचा. "मला कोण फोन करतंय?" म्हणायचा, पण संध्याकाळी आल्याआल्या आधी फोन हातात घ्यायचा आणि मग पाणी.

वर्गाला ओटीवर तिघी बसायच्या: सावळी, तिची धाकटी जाऊ सोमी आणि शेजारची, बारावी शिकलेली राही. फोनचा आवाज म्हणजे माशीची भुणभुण. शेवटी राहीने मला रिकामं करून, धुऊन आणलं आणि फोन माझ्यात उभा ठेवला. काय सांगू! मॅडमचा आवाज माझ्या पोटात असा घुमला की परसातली म्हातारी गायसुद्धा मान वळवून बघायला लागली. त्या दिवसापासून माझी चुलीवरून शाळेत बदली झाली.

शिकवायच्या त्या स्नेहल मॅडम, वाशिंदच्या. वय कमी, शिकवायची हौस फार. पहिल्याच दिवशी बावीस फोन एकदम चालू. कुणाचा मिक्सर, कुणाचं पोर, आणि मानमोडीतून वाचलेला आमचा एकुलता कोंबडा तर नेमका तेव्हाच आरवला. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापले माइक बंद ठेवा बरं." सावळी लाजेने अर्धी झाली. राहीने माइक बंद केला, आणि तो बंदच राहिला. मॅडमनी ते त्या घटकेपुरतं सांगितलं होतं; सावळीने तो जन्माचा नियम धरला. बाकीच्या एकवीस फोनांनीही तेच केलं असावं, कारण त्यानंतर कुणाचा आवाज म्हणून ऐकू आला नाही.

मॅडम नावं पुकारायच्या. आमच्या फोनवर नाव दिसे मंगळ्याचं.

"मंगळ्या, आहात का?"

"अगो, हजर बोल ना," राही म्हणायची.

"ते कुठं हजर हाईत? ते तर गिरणीत. मी खोटं कसं बोलू?"

"मग सांग, ते नायत, मी हाय."

"ते म्हंजे कोण, असं मॅडमनी इचारलं तर?"

इथे सगळं अडायचं. लग्नापासून सावळीने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. उखाण्यात घ्यायचं ते वेगळं. असं दिवसाढवळ्या, परक्या बाईसमोर? छे! सोमीचा तो थोरला दीर, तीही घेईना. आणि राही म्हणायची, "फोन तुमचा, मी कशाला मधी बोलू?" मॅडम दोन क्षण थांबायच्या, "मंगळ्या आजही गैरहजर," असं म्हणायच्या, आणि माझ्या तोंडाशी डोकं लावून बसलेल्या तिघी एकमेकींकडे बघायच्या. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. धड्यातला शब्द न् शब्द सावळीला पाठ होता. पण ते वाशिंदला कसं कळावं?

एका मंगळवारी वर्ग संपला, पण मॅडम आपला माइक बंद करायला विसरल्या. त्या वर्ग चालवणाऱ्या कुणा सरांशी बोलत होत्या.

"हरेश सर, बावीस नावं आहेत आणि एक आवाज नाही. मी भिंतीला शिकवतेय का? शुक्रवारचा वर्ग घेते. तेव्हाही कुणी बोललं नाही तर आपण हा वर्ग बंद करू. माझं मनच लागत नाही हो."

मग नाक पुसल्याचा आवाज आला.

"रडते गो ती!" सोमी हळूच म्हणाली.

पुढचा धडा लसीचा होता: कुठल्या दिवशी, किती थेंब, लस बर्फात कशी आणायची. त्या एका धड्यासाठी सावळी दीड महिना बसली होती. आता अकरा पिल्लांचं काय होणार हे तिला कळत होतं. आणि आपल्या गप्प बसण्यामुळे एक पोर रडली, हे तिच्या मनाला जास्त डाचत होतं. त्या संध्याकाळी तिने मला राखेने इतकं घासलं की माझी साल निघायची बाकी राहिली.

शुक्रवार उजाडला तो भातकापणीचा. सोमी आणि राही शेतावर गेल्या. ओटीवर सावळी एकटी आणि मी. राहीने तिला दोन बटणं दाखवून ठेवली होती, एक आवाजाचं आणि एक चेहऱ्याचं.

मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षी कुणाच्या कोंबड्या मेल्या होत्या का? कुणीतरी सांगा."

सावळीने फोन माझ्यातून काढला. आवाजाचं बटण दाबलं.

"मॅडम..."

"कोण? मंगळ्या बोलताय?"

"नाय नाय. ते कामाला गेलेत. मी त्यांची... मी घरची."

"बरं बरं! म्हणजे मंगळ्यांच्या मिसेस ना तुम्ही?"

आता हो म्हटलं तरी नाव घेतल्यासारखंच, असं तिला वाटलं असणार. तिकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं. मला वाटलं, ही आता फोन ठेवते. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिने दुसरं बटण दाबलं, मला उचललं आणि माझी कूस फोनसमोर धरली.

वाशिंदला बसलेल्या मॅडमनी माझ्यावरची अक्षरं वाचली. "मंगळ्या... सावळी... यांस... नवसूमामाकडून." क्षणभर त्यांना काही उमगेना. मग त्या खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. "अहो, तुम्ही सावळीताई! रोज असता?"

"रोज. आमी तिघी असतो."

"मग बोलला का नाहीत हो?"

"तुमीच माइक बंद ठेवा बोललात ना."

मॅडम म्हणाल्या, "माझं चुकलं, ताई."

त्यानंतर सावळीचा बांध फुटला. एकोणीस कोंबड्या एकामागून एक कशा गेल्या, पहिली कुठली आजारी पडली, कुठे पुरलं, सगळं सांगितलं. मध्येच आटगावचा भिमा म्हणून कुणी बोलला, "माझ्या पण गेल्या, बावीस." मग एक बाई बोलली, मग दुसरी. तास संपला तरी माणसं हटेनात, आणि लसीचा धडा त्याच दिवशी उभ्या उभ्या झाला.

मॅडमनी नंतर शिकवायची तऱ्हाच बदलली. आधी पाच मिनिटं कोंबड्यांची खुशाली. एका फोनवर तीन बायका असतील तर वहीत तीन नावं. प्रश्न विचारला की त्या थांबायच्या, माणसाला धीर गोळा करायला लागतो तेवढं थांबायच्या. पिल्लांना वाळवी कशी काढून घालायची हे तर मॅडमच सावळीला विचारून लिहून घेत. शहापूरला सगळ्यांना दोन दिवस बोलावून हातात लसही धरायला दिली. अकराच्या अकरा पिल्लं आज मोठी होऊन अंगणभर उकरत फिरतात.

या वर्षी नवा वर्ग भरला आणि मॅडमनी सावळीला मदतनीस नेमलं. जी नावं गप्प असतील त्यांची विचारपूस तिने करायची. त्यात एक धनेश नावाचा फोन महिनाभर मुका होता. यादीतून काढण्याआधी सावळी म्हणाली, "मी जाऊन येते." त्या घरी द्यायला म्हणून माझ्यात कोंबडीखाली घालायची अंडी भुशात ठेवली, मला डोक्यावर घेतलं आणि टेकडीपलीकडचा पाडा गाठला.

फोन धनेशचा होता, पण तो कामासाठी पाड्याबाहेर राहायचा. त्याने घरी ठेवलेला जुना फोन मांडीवर घेऊन बसली होती त्याची म्हातारी आजी. वर्ग चालूच होता. मॅडमनी विचारलं, "खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवाल?" आणि म्हातारी फोनवर वाकून खणखणीत आवाजात म्हणाली, "नऊ, नायतर अकरा. लय ठेवली तर ऊब पुरत नाय." माइक बंद होता. पलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही.

सावळी दारातच उभी राहिली. "आजी, तू रोज अशी सांगते?"

"रोज सांगतंय गो. एक प्रश्न सोडला नाय," म्हातारी कुरकुरली. "पण ती पोरगी कदी बोलली नाय का, आजी, बरोबर हाय."

सावळीने मला खाली ठेवलं आणि तिच्याजवळ मांडी घातली. पदराने डोळे पुसले आणि म्हातारीचं सुरकुतलेलं बोट धरून माइकच्या बटणावर टेकवलं.

"आता बोल, आजी. आता ऐकू जातंय."