कूलरमधले होले

ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि प्रेमानंदच्या क्वार्टरमधला कूलर बंद. बिघडला नव्हता हो, मोटर चांगली ठणठणीत होती. होळीच्या सुमारास जुनी गवताची ताटी काढून ठेवली, नवी आणू आणू म्हणता राहून गेली, आणि त्या उघड्या बाजूनं होल्यांची, म्हणजे कबुतरासारख्या लहान पाखरांची, जोडी आत शिरली. पंपाच्या वरच्या पत्र्यावर चार काड्या टाकल्या की झालं यांचं घर! असलं गबाळं घर माणसानं बांधलं असतं तर बायकोनं दुसऱ्याच दिवशी माहेर गाठलं असतं. मादीनं मात्र त्यातच अंडी घातली, आणि बारावीतल्या पायलनं कूलरच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

"पापा, कोई हाथ नहीं लगाएगा. पिल्लं उडेपर्यंत नाही म्हणजे नाही."

"अन् माह्या झोपेचं काय?"

"पंखा हाय ना," ललिता म्हणाली. बायको तरी आपली बाजू घेईल अशी त्याला आशा होती, तर तीही पाखरांच्याच पार्टीत.

पंखा! मे महिन्याच्या दुपारी पंखा वरून नुसती आग फेकतो. प्रेमानंद प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. दोघं ऑपरेटर सुट्टीवर गेले होते, म्हणून नाइट शिफ्ट याच्याच गळ्यात पडली होती. सकाळी घरी यायचं, ओली चादर अंगावर घ्यायची, ती वाळली की जाग यायची, उठून परत भिजवायची. असं करता करता दिवस सरायचा आणि झोप तशीच राहायची. अंग असं आंबलेलं की जिना चढायचाही कंटाळा यायचा.

पाखरांचा त्याला लळा लागला नव्हता असं नाही. जेवायला बसले की तिघांचंही लक्ष खिडकीकडे. पिल्लांची माय आली की पिल्लं तिच्या तोंडात चोची खुपसायची आणि हा घास हातात धरून पाहत राहायचा. "कसे खाऊन राहिले पाय, बाप्पा!" म्हणायचा, आणि जरा वेळानं घामानं झोप मोडली की त्याच पिल्लांच्या नावानं बोटं मोडायचा.

क्रेनवर मात्र त्याचं काही खरं नव्हतं. वर केबिनमध्ये डोळा लागायचा. एकदा लोड इशाऱ्याआधीच खाली आला, आणि हुक लावणारा भैयालाल उडी मारून बाजूला झाला. "का होगे, कका?" काय झालं काका, असं ओरडला आणि हसला. तो हसला म्हणून हाही हसला. घरी सांगितलं नाही, इन्चार्जला तर नाहीच. एकदा क्रेनवरून उतरवलं की लोक माणसाला कामातून गेला म्हणतात, हीच त्याला धास्ती. पिल्लं उडाली की कूलर लागेल, झोप होईल, मग सगळं ठीक, असं तो स्वतःला समजावत होता.

त्या सकाळी तो ड्युटीवरून आला तेव्हा नळ आले होते. नळ आले की त्यांच्या लाइनीत कोणाला दुसरं काही सुचत नाही. ड्रम, बादल्या, हंडे, दिसेल ते भरून घ्यायचं. ललिता मागे कपडे धूत होती. ड्रम भरला तसा प्रेमानंदनं पाइप उचलला आणि दर उन्हाळ्यासारखा कूलरच्या टाकीत सोडला. भिंतीला टेकून उभ्या उभ्याच पेंगला, मग पाइप काढला आणि आत जाऊन आडवा झाला.

थोड्याच वेळात पायलच्या ओरडण्यानं त्याला जाग आली. टाकीत एक पिल्लू पाण्यावर तरंगत होतं. उडून पाहायला गेलं असणार बिचारं. दुसरं पत्र्यावर अंग चोरून बसलं होतं, आणि त्यांची माय बाहेर तारेवर घुमत होती.

"इसमें पानी किसने भरा?" पायल रडत रडत विचारत होती. "मम्मी, कोणं भरलं?"

ललिताची नजर नवऱ्याच्या ओल्या पँटीवर गेली. "मीच भरलं," ती म्हणाली. "नळ आले होते. ध्यानात नाही राहिलं माह्या."

प्रेमानंद तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. ही तर मागे कपडे धूत होती! त्यानं खाली पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. पाइप हातात घेतल्याचं त्याला काही केल्या आठवेना. टाकी भरल्याचंही आठवेना. मग वर केबिनमध्ये आपण काय काय करून राहिलो असू?

"तुह्या मायनं नाही भरलं, बाई," तो म्हणाला. "मी भरलं. आठवत नाही, पण मीच भरलं."

पायल आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

ललितानं पिल्लू कापडात घेतलं आणि मगानं टाकी उपसायला लागली. "कावून सांगितलं तिले? मी घेतलं होतं ना अंगावर."

"घरचं घेशील तू. तिथलं कोण घेईल?"

"तिथलं म्हणजे?"

त्यानं तिथंच उभं राहून इन्चार्जला फोन लावला.

"शेषराव साहेब, मले आजपासून क्रेनवर चढवू नका."

"कावून? तब्येत बरी नाही काय?"

"तब्येत बरी हाय. मी झोपेत क्रेन चालवून राहिलो, साहेब. एकडाव भैयालाल वाचला."

ललिता हातात भरलेला मग धरून तशीच उभी राहिली.