कापराच्या ओंडक्यातली खिडकी

ज्यांनी झाडं तोडून माझ्या डोंगराची माती मोकळी केली आणि ज्यांनी लेकाल नावाच्या पोराच्या हातात ती नशेची पांढरी पूड ठेवली, त्या तुमची नावं मला माहीत नाहीत. पण तुम्ही दोघांनी एकच काम केलंत. मुळं सैल केलीत आणि बाकीचं वादळावर सोडून मोकळे झालात!

मी कापराच्या झाडाचा ओंडका बोलतोय. तैवानच्या पूर्वेकडच्या डोंगरात मी शेकडो पावसाळे उभा होतो. ढग माझ्या कमरेशी यायचे. मग एका तुफानात अख्खा कडाच सुटला आणि नदीने मला उचलून समुद्रात फेकलं. एवढा अवाढव्य मी, पण त्या पाण्यापुढे काडी! भ्यालो, पण त्याहून जास्त थक्क झालो. मुळांवर उभं राहून मला कधी समुद्र दिसला नव्हता.

लाटांनी मला आमिस आदिवासींच्या एका गावापाशी आणून टाकलं. सरकारी माणसं चांगली लाकडं निवडून घेऊन गेली. मला भेग होती, म्हणून मी उरलो. गावातले फोतिंग मामा अशा उरलेल्या लाकडांची वाळूवरच शिल्पं उभी करायचे. "विकायचं नाही. समुद्राने दिलंय, समुद्र नेईल," म्हणायचे. हत्यार लावण्याआधी तांदळाच्या दारूत बोट बुडवून पूर्वजांना थेंब द्यायचा आणि लाकडाची परवानगी मागायची, ही त्यांची रीत.

लेकाल त्यांचा भाचा. शहरात बांधकामावर होता. जास्त पाळ्या करता याव्यात म्हणून पूड ओढायला लागला. गावी परतला तेव्हा गाल बसलेले, दात किडलेले, नजर कुठेच ठरत नव्हती. एका दुपारी थेंब न देताच त्याने माझ्यावर मशीनची करवत चालवली.

"किडे! आत किडे वळवळतायत!"

कापराच्या लाकडात कसले किडे? ते त्याला स्वतःच्या कातडीखालीही दिसत होते. दंड ओरबाडून रक्ताळलेले. माझ्या पोटात आरपार भोक पडलं, तरी तो थांबेना. शेवटी मामांनी त्याला मागून घट्ट मिठीत आवळलं आणि तसंच इस्पितळात नेलं.

त्या भोकातून वारा वाहू लागला, आणि आयुष्यभर मुका असलेला मी घुमायला लागलो! माझा आवाज ऐकून मीच शहारलो.

वर्षाने लेकाल परत आला. नशेच्या दिवसांत माझ्या भेगेत लपवलेली प्लास्टिकची पुडी त्याने बरोबर शोधून काढली. ती मुठीत धरून बसून राहिला. भरतीचं पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं. मी जीव तोडून घुमत होतो.

"मामा!" तो एकदम ओरडला. "माझी मूठ उघडत नाहीये. तू उघड!"

मामा धावत आले. त्यांनी एकेक बोट उलगडून पुडी काढून घेतली. रागावले नाहीत.

"दारूची वाटी आण," लेकाल म्हणाला. "मागच्या वेळी थेंब द्यायचा राहिला."

"द्यायची हं, प्यायची नाही!"

त्याचा हात इतका हलला की अर्धी वाटी माझ्यावरच सांडली.

"असू दे," मामा हसले. "आज पूर्वजांची चैन आहे!"

मग गावाने दोर लावून मला उभं केलं. लेकालने ते भोक बुजवलं नाही. छिन्नीने हळूहळू गोल केलं, थांबत, हात झटकत. आज पहाटे समुद्रातून सूर्य वर आला आणि थेट माझ्या पोटातून गेला. वाळूवर उजेडाचं एक वर्तुळ पडलं आणि त्यात लेकाल उभा होता. डोंगरावर इतकी वर्षं काढली, पण असं काही पाहिलं नव्हतं.

पुढचं तुफान मला नेईल. खुशाल नेऊ दे. पण मुळं सैल करणाऱ्यांनो, या लेकालच्या वाटेला पुन्हा जाऊ नका.

शिंपले वेचायला आलेल्या सौमाह आजीने भोकात डोकं घालून पाहिलं आणि लेकालकडे वळून म्हणाली, "एवढं मोठं भोक पाडलंस, म्हातारीला टेकायला एक फळी नको? उद्या ठोकून दे. उद्या आहेस ना इथे?"