सबुरीची काठी

सेल्मर ब्रेकेने जन्मभर दोनच गोष्टी मन लावून केल्या. ट्राउट मासे धरले आणि तोंड वाजवलं. फेब्रुवारीत त्याला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, वाचा वाचली. त्याची बायको अर्डिस म्हणाली, "नशीब कोणाचं, तेही सांगा की."

वाचा वाचली, पायही महिन्याभरात चालते झाले. उजवा हात मात्र उशिरा यायला लागला. म्हणजे यायचा, सांगितलेलं सगळं करायचा, पण आधी जरा विचार करून. शर्टाची बटणं लावायला असा हात चालतो. पिसांची खोटी माशी ओढ्याच्या पाण्यावर टाकायला चालत नाही. आणि मेचा पहिला शनिवार, ट्राउटचा हंगाम उघडायचा दिवस, तीन आठवड्यांवर आला होता. सातव्या वर्षापासून सेल्मरने तो दिवस एकदाही चुकवला नव्हता. त्याचं लग्नसुद्धा त्याच शनिवारी दुपारी लागलं होतं, आणि नवरदेवाच्या कोटाला माशांचा वास येत होता, असं अर्डिस अजून चारचौघांत सांगते.

रोज सकाळी तो शेडमागे जाऊन उभा राहायचा. हातात लाडकी ग्रॅफाइटची काठी, वजनाला काही नाही आणि छडीसारखी ताठ. माशीच्या जागी दोरीच्या टोकाला लोकरीचा पुंजका. दोरी मागे फेकायची, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे फेकायची. एवढंच तर असतं. पण ग्रॅफाइटला दम नाही. पापणी लवते न लवते तोच दोरी मागे सरळ होते, आणि तेवढ्यात पुढे गेली नाही तर धपकन खाली. सेल्मरचा हात निघेपर्यंत ती त्याच्या मानेवर, टोपीवर, कानात. आठव्या दिवशी पुंजका थेट तोंडात गेला. त्याने काठी गवतात भिरकावली आणि पालथ्या बादलीवर बसून रडला. चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप्या, हमसून हमसून रडला.

अर्डिस खिडकीतून बघत होती. ती कॉफी घेऊन बाहेर आली.

"तुला आता काच पाहिजे," ती म्हणाली. फायबरग्लासच्या जुन्या काठ्यांना तिकडे सगळे नुसतं काचच म्हणायचे. "हळू वाकणारी. ती थांबते माणसासाठी."

"मला शिकवू नकोस. दुकान माझं होतं का तुझं?"

"मग मागव की कुठून तरी."

"काठी म्हणजे काय गादी आहे, फोनवरून मागवायला? हातात घेऊन बघावी लागते."

"मग शेडमध्ये चाळीस पडल्यात, त्यातली घे हातात," अर्डिस म्हणाली आणि कप ठेवून आत गेली. तिला ठाऊक होतं कुठे लागतं ते.

त्या चाळीस काठ्यांची गोष्ट सांगायलाच हवी. सेल्मरचं गावात बत्तीस वर्षं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. ग्रॅफाइट नवीन आलं तेव्हा हा पठ्ठ्या त्यावर असा काही भाळला की विचारू नका. जुनी काच आणून द्या, नवी काठी स्वस्तात न्या. अख्ख्या खोऱ्याने काच आणून टाकली. सेल्मर प्रत्येकीच्या दोरी ओवायच्या कड्या उपटायचा, बुचाची मूठ तासून काढायचा, दुरुस्तीला उपयोगी म्हणून डब्यात भरायचा, आणि उरलेली नागडी काठी अर्डिसला द्यायचा. तिने त्यांच्यावर घेवडा चढवला. तेहतीस उन्हाळे त्या खोऱ्यातल्या सगळ्या उत्तम काठ्यांवर घेवडा चढत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सेल्मर हसत दाखवायचा, "बघा, काचेला शेवटी लायकीचं काम मिळालं!"

कॉफी निवली तसा तो उठून शेडमध्ये गेला. जुडीतून एक काठी ओढली. मधाच्या रंगाची, खालच्या टोकाला चाकूने कोरलेली आडवी रेघ. ती त्याचीच होती. बारा वर्षांचा असताना उन्हाळाभर गवताच्या पेंढ्या उचलून त्याने ती घेतली होती. त्याने ती हलवली. काठी हलली, सावकाश, टोकापासून थेट तळहातापर्यंत वाकली, क्षणभर तिथेच राहिली आणि मग आरामात परत आली. हाताने विचार करेपर्यंत ती वाट बघत होती.

सेल्मरला एकदम ते दिवस आठवले. आजोळच्या कुरणातला ओढा, इतका अरुंद की गाय एका उडीत ओलांडायची. तो आणि हार्लन नायगार्ड, दोघंही अनवाणी. वीतभर मासा लागला तरी काच अशी काही कमान करायची की वाटावं, देवमासा लागलाय. ग्रॅफाइटवर तो मासा येतो आणि जातो, कळतही नाही. काचेवर त्याची मान झटकलेली कोपराला कळायची. किती छान होतं ते सगळं! आणि आपण काय केलं? कड्या उपटल्या. स्वतःच्या काठीच्यासुद्धा. आणि कड्यांचे डबे दुकानाबरोबर विकून मोकळे झालो. सेल्मरने ती जुडीत परत खोचली आणि शेडचं दार लावलं.

खोऱ्यात एकच काच धड उरली होती आणि ती हार्लनकडे होती. तिथेच तर घोडं अडलं होतं.

एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं, म्हणजे क्षारात भिजवलेल्या सुक्या माशाचं, जेवण होतं. वितळलेल्या लोण्याच्या वाफेत दोनशे माणसं. सेल्मर नेहमीसारखा ग्रॅफाइटचं पुराण सांगत होता. समोर हार्लन बसलेला. तो शांतपणे म्हणाला, "मला माझी काच पुरे आहे." झालं. सेल्मरने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "काच कोणाला लागते ठाऊक आहे का? ज्याचा हात मंद, त्याला. आणि हात मंद असला की वरच्या मजल्यावरही अंधारच असतो!" टेबलच्या टेबल हसलं. हार्लनने बटाटा संपवला, ताट नेऊन ठेवलं, टोपी घातली आणि गेला. त्यानंतर तो दुकानाची पायरी चढला नाही. कोणाच्या अंत्ययात्रेत समोरासमोर आले तर मान हलवायची, एवढंच उरलं. सेल्मर म्हणायचा, इतकं कातडं पातळ असलेल्या माणसाशी दोस्ती कशाला? पण हे तो दर वर्षी म्हणायचा, त्यावरून काय ते समजा.

"जाऊन माग," अर्डिस म्हणाली.

"मी? त्याच्या दारात?"

"नाही, मीच जाते आणि सांगते, माझ्या नवऱ्याचं नाक जड झालंय, उचलून आणता येत नाही. चल, बस गाडीत."

झटक्यानंतर सेल्मरला गाडी चालवायला मनाई होती. अर्डिसने त्याला हार्लनच्या अंगणात उतरवलं, "तासाभराने येते" म्हणाली आणि खरोखरच निघून गेली.

हार्लन एकटा राहायचा. बायको गेली होती, गाई विकल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या कुरणातून ओढा वाहायचा, तिथे दुसरं कोणी जात नसे, आणि सगळे म्हणायचे, नायगार्ड आपला तिथे एकटाच काच घेऊन बसतो. त्याने दार उघडलं, सेल्मरला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ये. कॉफी आहे."

दोघं टेबलाशी बसले. सेल्मर हवेबद्दल बोलला. मग मक्याबद्दल बोलला. मग पुन्हा हवेबद्दल. हार्लन त्याच्या कपाकडे बघत होता.

"डाव्या हाताने पितोस," हार्लन म्हणाला. "उजवा कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"येतो, पण उशिरा. असंच ना?"

सेल्मर चकित झाला. "तुला कसं कळलं? डॉक्टरला समजवायला मला अर्धा तास लागला."

"माझाही तसाच आहे," हार्लन म्हणाला. "वळूने गोठ्याच्या भिंतीला दाबलं होतं ना मला. बरगड्या जुळल्या, खांद्यातली शीर नाही जुळली."

"वळूने? ते तर..." सेल्मर बोलता बोलता थांबला. वळूची भानगड ऐंशीच्या उन्हाळ्यातली. लुटेफिस्कच्या जेवणाच्या आदल्या वर्षाची. तो स्वतः दवाखान्यात बघायला गेला होता, अर्डिसने दिलेला डबा घेऊन. "हार्लन, तू बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? दुखणं आपलं, सांगायचं कोणाला?" हार्लन उठला. "काठीसाठी आला आहेस. आणतो."

दोनशे माणसांत आपण नेमकं कशावर बोट ठेवलं होतं, हे सेल्मरला आत्ता, तेहतीस वर्षांनी कळत होतं. आणि कळायला काय लागलं? स्वतःचा हात जावा लागला.

हार्लनने काठी आणली. गडद तपकिरी, मूठ हाताच्या मळाने काळपट, रीळ लावलेलंच. सेल्मरने ती घेतली आणि दुकानदाराच्या सवयीने रिळावरची दोरी ओढून बघितली. दोरी पिकल्या पीचच्या रंगाची होती. बोटांत आली आणि कडकन तुटली. दुसरा तुकडा ओढला, तोही तुटला. वाळलेल्या शेवया जशा.

पीच रंगाची दोरी त्याने एकाच वर्षी विकली होती. लोकांना रंग आवडला नाही, पुन्हा कधी मागवलीच नाही. एक्क्याऐंशीचा वसंत. आतल्या जोडावर लाल दोऱ्याची त्याची स्वतःची गाठ होती.

"ही मी भरलेली आहे," सेल्मर म्हणाला. "तू ही... त्यानंतर तू ओढ्यावर गेलाच नाहीस?"

"गाई होत्या," हार्लन म्हणाला. "कामं होती."

"तेहतीस वर्षं गाई होत्या का रे, हार्लन?"

हार्लन टेबलावरचे दोरीचे तुकडे गोळा करायला लागला. अंगणात अर्डिसने हॉर्न वाजवला.

हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सेल्मर नवी दोरी घेऊन आला. दोन आळशी हातांनी ती रिळावर भरायला दीड तास लागला. एकाने धरायचं, दुसऱ्याने गुंडाळायचं, सुटलं की एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या. अर्डिस गाडीत विणत बसली होती आणि आतून येणाऱ्या शिव्या ऐकून तिला फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी दोघं कुरण उतरून ओढ्यावर गेले. काठी एकच, म्हणून एकेक मासा पाळीपाळीने असं ठरलं. तीन आठवडे सेल्मरच्या हाताला नुसती खाज सुटली होती. तरी त्याने काठी हार्लनपुढे धरली.

"आधी तू."

"अरे, तू पाहुणा."

"घे म्हणतो ना, बोकडा!"

हार्लनने घेतली. दोरी मागे गेली, काठी वाकून थांबली, खांदा आपल्या सवडीने आला, आणि दोरी पुढे अशी उलगडत गेली की सेल्मर बघतच राहिला. इतकं सुंदर टाकणारा माणूस खोऱ्यात दुसरा नव्हता. आपल्या एका जिभेपायी हे तेहतीस वर्षं कोणी पाहिलं नाही. तिसऱ्या फेकीला मासा आला, हार्लनने तो सोडला आणि काठी मुकाट्याने पुढे केली.

सेल्मरने दोरी मागे टाकली आणि जन्माच्या सवयीने घाई केली. दोरी टोपीवर पडली.

"थांब की," मागून हार्लन म्हणाला. "कोण लागलंय मागे? पुन्हा टाक. आता थांब. अजून थांब. हं, ये."

हात आला. उशिराच आला, पण काठी त्याच्यासाठी थांबली होती. माशी वाळुंजाच्या मुळांशी अलगद उतरली, पाणी फुटलं आणि काच थेट मुठीपर्यंत वाकली. माशाची मान झटकलेली कोपराला कळली. सेल्मर गुडघ्यावर बसला, हात ओला करून त्याने तो घेतला. वीतभर लांब, पिवळ्या पोटाचा, लाल ठिपक्यांचा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"हार्लन," तो म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो ना, चर्चमध्ये..."

"मासा सोड आधी. मरेल तो."

सेल्मरने हात पाण्यात धरून उघडला. मासा घटकाभर तिथेच राहिला, मग गेला. हार्लन त्याच्याशेजारी ओल्या गवतात बसला, खांदा चोळत.

"हं," तो म्हणाला. "आता बोल."