जोडीने वाचायची ओळ

टेलरबाईंनी कापायच्या टेबलावरचं कापड उचललं, टाचण्यांची डबी बाजूला सारली आणि मधोमध तोराह उघडून ठेवली. मग दुसरी खुर्ची ओढली. समोर नाही, शेजारी.

आपल्या ज्यू धर्माचा हा ग्रंथ नीट शिकायचं त्यांनी एकसष्टाव्या वर्षी मनावर घेतलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी वाटा सांगितल्या होत्या: दर आठवड्याला एक भाग वाचून वर्षभरात ग्रंथ पुरा करायचा, एकेका ओळीवर जुन्या जाणत्यांनी काय लिहिलंय ते पाहत जायचं, नाहीतर जोडीदार गाठून मोठ्याने वाचायचं आणि वाद घालायचा. टेलरबाईंनी पहिली वाट धरली. ऑर्डरी उरकतात तशी त्यांनी दोन महिने पानं उरकली. डोक्यात काडीचं शिरलं नाही.

"जोडीदार असा शोधा, जो तुमचं म्हणणं मुकाट्याने ऐकून घेणार नाही," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

असा माणूस जगात एकच होता. त्यांचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. आई गेली त्या दिवशी तो दवाखान्यात आलाच नाही, म्हणून बहिणीने नऊ वर्षं अबोला धरला होता. कारण कधी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यांनी त्याला निरोप धाडला. आता तो नाही म्हणाला असता, तर पुन्हा बोलावण्याची हिंमत त्यांना झाली नसती.

तो आला. कशाला बोलावलंस, असंही न विचारता शेजारी बसला.

टेलरबाई वाचू लागल्या. पहिला माणूस नको ते फळ खाऊन झाडांआड लपतो, आणि देव त्याला हाक मारतो: कुठे आहेस तू?

"हे काही पटत नाही," त्या म्हणाल्या. "देवाला ठाऊक नाही होय, तो कुठे लपलाय ते?"

"ठाऊक आहे की."

"मग विचारतो कशाला?"

भावाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझं हे नेहमीचंच, ताई. आपल्याला ठाऊक आहे म्हटलं की विचारायचंच नाही. अगं, त्या माणसाला बोलता यावं म्हणून विचारतो."

टेलरबाईंच्या अंगावर काटा आला. हीच ओळ दोन महिन्यांपूर्वी त्यांनी चहा पिता पिता वाचून टाकली होती. ज्याने सगळं जग घडवलं तो एका चुकल्या माणसासाठी थांबतो, आणि आधी शिक्षा सुनावत नाही, विचारतो. एवढ्याशा ओळीत केवढं मावलं होतं! आणि ती हजारो वर्षं तिथेच होती, कुणीही उघडून वाचावी अशी. बराच वेळ त्यांना पान उलटवेना.

"तू कुठे होतास?" शेवटी त्यांनी विचारलं.

भाऊ पानाकडे बघत राहिला.

"तुझा आवाज ऐकला," तो म्हणाला. "घाबरलो आणि लपलो."

ग्रंथातली पुढची ओळ जवळजवळ हीच होती. वाचतोय असं वाटून टेलरबाईंनी पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. चष्मा अजून टेबलावरच होता.

"दवाखान्याच्या जिन्यात," तो म्हणाला. "आईला हाका मारत होतीस तू."