शकूबाईची तारीख

सेजल नेमकं काय काम करते, हे कापडे गावात कुणालाच धड सांगता आलं नसतं. ऐरोलीतल्या एका कंपनीत ती संगणकाला तारीख आणि वेळ ओळखायला शिकवायची. दवाखान्यात फोन करून कुणी म्हणालं, "उद्या संध्याकाळी पावणेसातला येतो," की त्या बोलण्यातून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी तास-मिनिटं अशी आकड्यांची सरळ ओळ काढायची आणि नंबर लावून टाकायचा, हे त्या प्रोग्रामचं काम. सव्वा, पावणे, अडीच हे सगळं त्याला पाठ झालं होतं. सोमवारी एखादा 'पुढच्या मंगळवारी' म्हणाला तर तो उद्याचा की आठवड्यानंतरचा, यावरून मात्र ऑफिसात दोन तट पडले होते आणि ते अजून एकत्र चहा घेत नव्हते.

"एवढी शिकलीस नि कॅलेंडर वाचायचा पगार घेतेस?" तिची आई शकू विचारायची. शकूबाई एकटीच घर आणि शेती सांभाळायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, पण बोलायला माणूस कमी पडतं अशी तक्रार तिने कधी केली नव्हती. जे सापडेल त्याच्याशी ती बोलायची.

तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. महाडच्या डॉक्टरांनी पावसाळ्याआधीच ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. शकूबाई म्हणाली, लावणी झाल्यावर. लावणी झाली तेव्हा म्हणाली, गणपती गेल्यावर. गणपती गेले, मग कापणी आली. आता दिवाळीही झाली होती. आणखी उशीर केलात तर नजर परत येईलच याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सेजलला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती, तारीख घेतल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवून.

सरळ विचारून आई दाद देणार नाही हे तिला माहीत होतं. तिने ओटीवर लॅपटॉप उघडला.

"आई, माझं एक काम कर. गावातली माणसं कशी बोलतात ते याला शिकवायचंय. हा विचारेल, तू उत्तर दे. हे नुसतं सरावाचं आहे, खरा नंबर लागत नाही."

शकूबाईने पदर नीट केला. लॅपटॉपातून एक गोड आवाज आला, "नमस्कार. आपण ऑपरेशनसाठी कधी येणार?"

"येन की बाय. झोडणी झाली की."

"माफ करा, तारीख समजली नाही. कृपया पुन्हा सांगा."

"झोडणी गो! भात झोडत्यात ती." शकूबाई सेजलकडे वळली. "बहिरी हाय काय ही?"

"तिला झोडणी माहीत नाही. थांब, शिकवते." सेजलने भराभर काहीतरी टाइप केलं. झोडणी म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

"कुनाची झोडणी? वरच्या आळीतल्या चांगूचं भात अजून उभं हाय शेतात."

"आपली धर."

"आपली तर झाली," शकूबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"ही तारीख होऊन गेली आहे," गोड आवाज म्हणाला. "कृपया नवी तारीख सांगा."

सेजलला हसू आवरेना. शकूबाई मात्र अशी हार मानणारी नव्हती. तिने नाचणी काढली, मग लग्नसराई काढली, मग शिमगा. सेजल एकेकाला महिना जोडत गेली आणि तो आवाज न कंटाळता दिवस विचारत राहिला. शिमग्याच्या पुढे पुन्हा पेरणी आणि लावणी आली तेव्हा सेजलने हात जोडले.

"आई, पुरे. तुला भीती वाटते ऑपरेशनची, तेवढं कबूल कर."

"भीती? एक बाळंतपन नि एक सासू काढलीय मी." शकूबाईने पाट पुढे ओढला. "आता मी घेते हिची परीक्षा. सरक."

तिने घसा साफ केला आणि अगदी सेजलच्या आवाजात, तिचं ते फोनवरचं घाईचं, लाडिक बोलणं काढलं. "अगं आई, कामाचा लोड जरा कमी झाला की येते. नक्की."

"माफ करा, तारीख समजली नाही."

"आमचं रिलीज झालं की चार दिवस काढते." रिलीज म्हणजे काय हे शकूबाईला माहीत नव्हतं. ते कधी संपत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

"माफ करा, तारीख समजली नाही."

"बरं, पुढच्या महिन्यात बघू."

"महिना समजला. कृपया दिवस सांगा."

"बघ, शानी हाय," शकूबाई म्हणाली. "मला बी तेच इचारायचं असतं."

सेजल हसली, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "मी येते की आई. गणपतीला आले, आता आले."

"येतेस नि दुसऱ्या दिशी पोलादपूरला जाऊन एसटी धरतेस." शकूबाईच्या बोलण्यातली गंमत जरा कमी झाली. "डॉक्टर बोलला, महिनाभर डोळ्यात थेंब घालायचे. दिसातनं पाच-सा वेळा. चुलीम्होरं बसायचं नाय, वाकायचं नाय. मंग घालील कोन थेंब? शेजारची आवडी? तिचंच तिला दिसत नाय, ती माज्या कानात घालील."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं गो? सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, येते." शकूबाई अंगणाकडे बघत राहिली. "मला वाटलं, तूच इचारशील. कवा ऑपरेशन करतेस ते धा येळा इचारलंस. संगती कोन हाय, ते नाय इचारलंस."

सेजलला स्वतःची लाज वाटली. सहा महिने ती आईच्या कारणांवर चिडत होती, मैत्रिणींना ती कारणं सांगून हसत होती, आणि हा एवढा साधा प्रश्न तिला सुचला नव्हता. ती उठून अंगणाच्या कोपऱ्यात गेली, कारण घरात फोनला रेंज नव्हती, आणि तिने साहेबांना, साहिल सरांना, फोन लावला. महिनाभर गावाहून काम करायचंय म्हणाली.

"बघू, हे रिलीज होऊ दे," सर म्हणाले.

"'बघू' नको, सर. मी डॉक्टरांशी बोलून तारीख सांगते, त्या तारखेपासून मी इथे आहे."

नेटवर्क येतं का तिथे, सरांनी विचारलं. अंगणात येतं, असं सेजलने सांगितलं आणि लगेच महाडला फोन केला. दिवस ठरला. ती ओटीवर परत आली तेव्हा शकूबाई लॅपटॉपसमोर तशीच बसली होती.

"एक डिसेंबर, सकाळी साडेदहा," सेजल म्हणाली.

"मंग हिला बी सांग. मघापासनं इचारतेय बिचारी."

"आई, हे सरावाचं आहे."

"असूं दे. सांग."

सेजलने सांगितलं. पडद्यावर आकड्यांची सरळ ओळ उमटली.

"धन्यवाद," गोड आवाज म्हणाला. "रुग्णासोबत कोण असेल?"

सेजल उत्तर देणार, तोच शकूबाईने हाताने तिला थांबवलं आणि स्वतः पुढे वाकली.

"लेक," ती म्हणाली. मग शेजारी आवडीच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणाली, "माजी लेक हाय संगती. महिनाभर!"