फटका की चूक

गुरुवारी दुपारच्या सामन्याला लिडिया वडिलांच्या शेजारी बसली होती. ती जागा खरं तर तिची नव्हती. मैदानाच्या वरच्या अंगाला लाकडी खोली होती, तिथे काझिमिर डुडेक यांच्या डाव्या हाताला गेले दोन उन्हाळे व्हर्ना स्टुकल बसायची. धावफलकाचे दिवे लावणं हे तिचं काम. पण लिडिया सुट्टी काढून आली होती आणि खोलीत खुर्च्या मोजक्याच होत्या. "बस गं बापाशेजारी," असं म्हणून व्हर्ना आपली बटणांची पेटी उचलून पलीकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. लिडियाला ते बरंच वाटलं. खेळ चालू असताना ही बाई सारखी पपांच्या कानाशी लागते, हे तिला केव्हाचं खटकत होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पपांचं घर नदीकाठचं होतं, आणि व्हर्ना भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. लिडियाने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण बेरीज करून ठेवली होती.

काझिमिर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि शाळेत होते तेव्हापासून वेस्कोटच्या मैदानाचे अधिकृत स्कोअरर होते. वेस्कोटचा संघ म्हणजे बगळे. गावात कुणी संघाचं पूर्ण नाव घेत नाही, बगळेच म्हणतात. बेसबॉलच्या या खालच्या पायरीवरची पोरं वरच्या संघात जायची वाट बघत असतात, आणि वर कोण जाणार नि घरी कोण हे आकड्यांवर ठरतं. फलंदाज बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोहोचला तो आपल्या फटक्याच्या बळावर की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे स्कोअरर एकटा ठरवतो. फटका ठरला तर फलंदाजाचा आकडा चढतो आणि धावा पिचरच्या, चेंडू टाकणाऱ्याच्या, माथी बसतात. चूक ठरली तर पिचर सुटतो आणि क्षेत्ररक्षकाच्या नावापुढे डाग लागतो. म्हणून काझिमिर खेळाडूंच्या, त्यांच्या आईबापांच्या हातची कॉफीसुद्धा घेत नसत. शेजारी बसणाऱ्यालाही एक नियम होता, आणि तो त्यांनी लिडियाला ती पहिलीत असताना घालून दिला होता: इथे बसायचं तर तोंड शिवून. फटका की चूक हे कुणी कुणाला सुचवायचं नाही.

लिडिया आता दुसऱ्या गावात, कॉलेजच्या ग्रंथालयात होती. बापलेकीचं फोनवर फारसं बोलणं होत नसे. पण रोज सकाळी ती बगळ्यांचा निकाल वाचायची. कोण जिंकलं याचं तिला काही नव्हतं. बारीक टाइपातले ते आकडे पपांनी ठरवलेले असत. आकडे आले की समजायचं, माणूस ठीक आहे.

त्या दिवशी सहाव्या डावात दोन बाद होते आणि पाहुण्यांचे दोन गडी बेसवर होते. बगळ्यांकडून प्रूइट नावाचा पोरगा चेंडू टाकत होता. वरच्या संघाचा माणूस त्याला बघायला आला होता. जाळीमागे वेग मोजायचं यंत्र घेऊन बसला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. फलंदाजाने जमिनीलगत चेंडू मारला, तिसऱ्या बेसवरच्या मोन्तेरोच्या दिशेने. साधा चेंडू. मोन्तेरो वाकला, आणि गवत संपून माती सुरू होते त्या कडेवर चेंडू पडला तो कुणी खालून लाथ मारल्यासारखा उडाला आणि त्याच्या खांद्यावरून मागे गेला. दोन्ही गडी शेवटच्या बेसवर धावून आले आणि पाहुण्यांच्या दोन धावा झाल्या.

लिडियाने हे स्वच्छ पाहिलं.

व्हर्ना बटणावर बोट ठेवून थांबली होती. काझिमिर मैदानाकडे बघत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय वाटलं तुला?"

असं त्यांनी उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. लिडियाला वाटलं, चेष्टा करताहेत, नाहीतर नियम लक्षात आहे का ते बघताहेत. ती हसून म्हणाली, "मला काय विचारता? तुम्ही बघितलंत ना."

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "चूक. तिसरा बेस."

व्हर्नाने वळून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग लिडियाकडे. मग दिवा लावला. खाली मोन्तेरोने फलकाकडे पाहिलं आणि खोलीच्या दिशेने दोन्ही हात पसरले. काझिमिर कागदावर वाकले होते.

सामना संपल्यावर लिडिया बाथरूमला जाऊन आली तोवर वडील खाली उतरले होते. गाड्यांच्या पटांगणात ती त्यांना शोधू लागली तर लांबच्या रांगेत ते एका उंच माणसाबरोबर दिसले. त्या माणसाने त्यांचा कोपर धरला होता आणि खाली वाकून काही सांगत होता. वडील मान हलवत होते. ती जवळ पोहोचेपर्यंत तो माणूस निघून गेला. कोण होता, असं तिने विचारलं तर म्हणाले, प्रूइटचा बाप. काय म्हणत होता? काही नाही. आणि गाडीची किल्ली तिच्या हातात देत म्हणाले, "तू चालव." आपली गाडी ते कधी कुणाला चालवू देत नसत.

संध्याकाळी ती भाजलेले सॉसेज आणि मिरच्या घेऊन बाजारातून आली तेव्हा वडील गॅरेजात फोनवर बोलत होते. दारापाशी तिला शेवटचं वाक्य ऐकू आलं. "लिडियाला यातलं काही बोलू नकोस, व्हर्ना." तिची चाहूल लागताच त्यांनी फोन ठेवला. जेवताना त्यांनी तिला ग्रंथालयाचं विचारलं, तिच्या घराच्या नवीन छपराचं विचारलं, सॉसेज तिखट आहेत म्हणाले. तिनेही काही विचारलं नाही. सकाळी विचारू, असं ठरवून झोपली.

सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच, त्यांना काही कळलं नसेल.

त्या सकाळी, माणसं येत-जात असताना, लिडियाने सवयीने निकाल उघडला. आपण हे का करतो आहोत हे तिला कळत नव्हतं. बगळे हरले होते, ते तिला माहीत होतं. पण मोन्तेरोच्या नावापुढे चूक नव्हती. सहाव्या डावातला तो चेंडू फटका म्हणून लागला होता आणि दोन्ही धावा प्रूइटच्या माथी होत्या.

तो फटकाच होता; असा अवचित उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकाची चूक धरत नाहीत. तिला ते ठाऊक होतं, आणि तिचा जीव नेमका तिथेच अडकला. तिच्यासारख्या खेळात अडाणी बाईला जे दिसलं ते तीस वर्षं स्कोअरर असलेल्या माणसाला दिसू नये? दिसलं असेल तर मग चूक का म्हणाले? वरच्या संघाचा माणूस समोर असताना घरच्या पिचरला वाचवायला? आणि नंतर निकाल फिरवला तो कुणी? पपा असे फिरवणारे नव्हते. की फिरवणारेही होते आणि विकत घेता येणारेही होते, आणि आपणच रोज सकाळी ते आकडे वाचून खुशाली समजत होतो? कोपराला धरलेला तो हात, हातात दिलेली किल्ली, गॅरेजातलं वाक्य हे सगळं तिने पुन्हा पुन्हा जोडून पाहिलं. दरवेळी बेरीज एकच येई.

सोमवारी दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा. माणसं काझिमिरच्या गोष्टी सांगत होती. हातची कॉफी घेत नसे, ही गोष्ट तर तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली, आणि लिडिया प्रत्येकाला हो हो म्हणत राहिली. मग तो उंच माणूस रांगेतून पुढे आला. टोपी छातीशी धरून त्याने तिचा हात हातात घेतला.

"तुमचे वडील फार भले होते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्या दिवशी गाडीपाशी जे झालं ते आमच्या दोघांतच राहील. तुम्ही निश्चिंत असा."

लिडियाने हात सोडवून घेतला. काय झालं होतं, हे विचारायला तोंड उघडलं, पण मागची बाई प्लेट घेऊन पुढे सरकली आणि तो बाजूला झाला. विचारायचं धाडस तिला असंही झालं नसतं. तळघरात सगळं गाव होतं. फक्त व्हर्ना नव्हती. चौकशी केली तर कळलं, दुपारचा सामना आहे आणि दुसरा स्कोअरर मिळेपर्यंत तीच बसते आहे.

म्हणजे खुर्चीही घेतली, असं लिडियाच्या मनात आलं. ती काळ्या कपड्यांतच मैदानावर गेली.

व्हर्ना खोलीत होती, पण वडिलांच्या खुर्चीत नव्हती. आपल्या डाव्या खुर्चीतच बसून उजवीकडच्या कागदावर वाकडी होऊन लिहीत होती. लिडियाला पाहून तिने मान हलवली. "चर्चला होते मी. मागच्या बाकावर. जेवायला थांबता आलं नाही. थांब हं, हा काय करतो बघू."

फलंदाजाने चेंडू उंच मारला, कुणीतरी झेलला. व्हर्नाने लिहिलं.

"गुरुवारचा निकाल कुणी बदलला?" लिडियाने विचारलं.

"तुझ्या बापाने. एक दिवसाची मुभा असते. संध्याकाळी मला फोन केला, मी लीगच्या कचेरीत कळवलं."

"पपा निकाल बदलत नसत."

"क्वचित बदलायचा. बदलला की आठवडाभर घुम्यासारखा असायचा."

"प्रूइटच्या बापाने त्यांना काय दिलं होतं?"

व्हर्नाने पेन खाली ठेवलं. तिचं तोंड जरा वाकडं झालं, हसावं की काय असं. "प्रूइटच्या बापाने? अगं, त्याने त्याला गाडीपर्यंत आणून सोडलं. तुझा बाप परक्याच्याच गाडीला किल्ली लावत बसला होता. निळी दिसली की आपली."

खाली कुणीतरी बाद झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नाने दिवा लावला, लिहिलं, मग खिडकीबाहेर बघतच पुढचं सांगितलं. काझिमिरच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, हे आता वाढतच जाणार. चेंडू बॅटवर लागल्याचा आवाज तो ऐकायचा, पुढे काय झालं ते व्हर्ना कानात सांगायची. उडाला, सुटला, पायाशी आला, एवढंच. फटका की चूक हे दोन शब्द तिने उच्चारले की तो तासभर तिच्याशी बोलायचा नाही. ते तो स्वतः ठरवायचा.

"म्हणजे लबाडीच," लिडिया म्हणाली.

"लबाडीच," व्हर्ना म्हणाली. "दोघांची. मी कुठे नाही म्हणते? पण पैशाअडक्याची नव्हे, बाई. तुझ्या डोक्यात जे आहे ते काढून टाक."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू त्याला या खुर्चीतून उठवलं असतंस. गाडी काढून घेतली असतीस. उठवलं नसतंस?"

लिडियाने थोडा विचार केला. खोटं बोलायला ती इथवर आली नव्हती. "उठवलं असतं," ती म्हणाली.

"मग."

डाव संपला. खेळाडू मैदान बदलू लागले, खालच्या माईकवर कुणाच्या तरी वाढदिवसाची नावं वाचली जाऊ लागली. लिडिया उभीच होती. तिने विचारलं, मग गुरुवारी तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?

"माझ्या जागेवर तू होतीस," व्हर्ना म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "खोलीपलीकडून ओरडून सांगू? तुझ्यादेखत? त्याने आवाजावरून अंदाज केला. साधा चेंडू वाटला त्याला. संध्याकाळी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, कडेवर उडाला म्हणून. तर म्हणाला, म्हणजे ते पोर फुकट दोषी झालं. लगेच बदलायला लावला." तिने कागद सरळ केला. "मी त्याला म्हटलं सुद्धा. पोरीला विचारलंस ना, मग तिने काही सांगितलं नाही? तर म्हणतो कसा, तिला मीच शिकवलंय गप्प बसायला."

लिडियाने खुर्चीची पाठ धरली. खाली मोन्तेरो आपल्या जागी जाऊन बुटाने माती सारखी करत होता. पहिला फलंदाज आला. व्हर्ना लिहायला म्हणून पुन्हा वाकडी झाली, तशी लिडिया पुढे आली आणि तिच्या खांद्याला हात लावून तिला पलीकडच्या, वडिलांच्या खुर्चीत सरकायची खूण केली. व्हर्ना कुरकुरली, पण सरकली. लिडिया डाव्या खुर्चीत बसली. व्हर्नाने बटणांची पेटी मुकाट्याने दोघींच्या मध्ये ठेवली.

मैदानाकडे बघत, कुणाचीही पर्वा न करता, लिडिया खाली बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला दिसला होता, पपा. गवताच्या कडेवर पडला आणि उडाला. मोन्तेरोचा त्यात काही दोष नव्हता. मी पाहिलं होतं."