मऊ नीट काढून पाठवा

"माणूस शेवटी दोनच गोष्टींवर तगतो," नापासरावांनी जाहीर केलं, "एक निर्दोष भिंग आणि दुसरा नीट शिजलेला बटाटा."

हे वाक्य त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला एक हात लावून, मान जरा वर करून म्हटलं होतं. पुढच्या पिढ्यांनी जपून ठेवावं असं काहीतरी आपल्या तोंडून गेलं, असं त्यांना वाटलं. पण बायको मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेली होती. ऐकायला एकटा कुकर होता, आणि त्याने शिट्टी मारली.

नापासराव हे काही आईवडलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बटणांच्या कारखान्यात तपासनीस होते. सरकत्या पट्ट्यावरून बटणं येत. ज्याचं भोक तिरकं, काठ खरखरीत किंवा रंग उडालेला, ते चिमटीत उचलून डाव्या हाताच्या वाडग्यात टाकायचं, एवढंच त्यांचं काम. चांगलं बटण आपोआप पुढे जाई, त्याच्याकडे बघायचं कारणच नसे. सगळी नोकरी अशी गेल्यामुळे वाईट काय ते त्यांना क्षणात कळे. चांगलं काय, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. निरोपाच्या दिवशी साहेब त्यांच्या नजरेचं कौतुक करत होते, तेव्हाही ती नजर साहेबांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणावर होती. वाडग्यात जायचं ते.

वाडग्यातली बटणं घरी न्यायला कारखान्याची ना नव्हती. त्यामुळे घरातले सगळे वर्षानुवर्षं नापास बटणं लावून हिंडत होते. "मला बरी पास केलीत," असं बायको एकदा म्हणाली होती. नापासरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की तेव्हा नोकरी लागायची होती. त्यानंतर दोन वेळचं जेवण घरात अगदी शांततेत झालं.

तर, भिंग आणि बटाटा. या दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात एकदम शिरल्या त्या लेकीच्या फोनमुळे.

लेक लांबच्या शहरात असे. तिला दिवस गेले होते, आणि अन्न नुसतं समोर आलं तरी तिच्या पोटात ढवळत होतं. जावई बिचारा रोज नवीन काहीतरी करून तिच्यापुढे ठेवी आणि मग ते एकट्यानेच संपवी. त्याचंच वजन वाढत चाललं होतं. तिला खावंसं वाटत होतं ते फक्त मऊ.

मऊ हा या घरातला पदार्थ. उकडलेला बटाटा, दुधात भिजवलेला पाव, लोण्याचा गोळा, मिरपूड, मीठ, आणि मंद आचेवर ढवळत बसायची तयारी. त्याला दुसरं नाव कधी कुणी ठेवलं नाही. घरात कुणाला ताप आला, कुणाचा पेपर अवघड गेला, कुणी कुणाशी भांडून कोपऱ्यात बसलं, की बायको फक्त "मऊ करू का?" एवढं विचारी. बरं वाटायला तिथूनच सुरुवात होई. चवीला ते अंगावर पांघरूण घातल्यासारखं लागे. दिसायला मात्र भिंतीच्या भेगा बुजवायच्या लांबीसारखं दिसे. पाहुण्यांची चाहूल लागली की पातेल्यावर आधी झाकण पडे, मग दार उघडे.

"बाबा, मी करते तेव्हा दूध फाटतं," लेक फोनवर म्हणाली होती. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. "आईला विचारलं की म्हणते, अंदाजाने घाल. आणि मग मलाच विचारत बसते, झोप लागते का म्हणून. तुम्ही आईकडून मऊ एकदा नीट काढून पाठवा ना. तुम्हालाच जमेल ते."

तुम्हालाच जमेल. नापासरावांचे डोळे भरून आले. फोन ठेवला, आणि पुढच्याच क्षणी त्यांची नजर त्या फोनच्या भिंगावर गेली. भिंगावर आडवा चरा होता. या फोनमधून काढलेला प्रत्येक माणूस न्हाणीघरातून नुकताच बाहेर आल्यासारखा दिसे. मुळात लांबीसारखा दिसणारा पदार्थ. तो यातून काढला तर लेक खाणं सोडाच, घर रंगवायला काढलंय का, असं विचारेल. छे. मऊ काढायचं तर कॅमेरा हवा. चांगला. नवा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे निवड करायची होती, आणि निवड करायची म्हणजे काय, हे नापासरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. कॅमेरे समोरून सरकवत नेले आणि एकेक वाडग्यात टाकला. एकाचं बटण दाबताना जिन्यात कुणी खोकल्यासारखा आवाज येई. एक हातात धरला की आपण त्याला नव्हे, तो आपल्याला काढतोय असं वाटे. तिसऱ्याच्या पट्ट्याची शिवण एका टाक्याने वर गेली होती. दुकानदाराने ती शिवण भिंगातून बघितली आणि मग नापासरावांकडे, भिंग खाली न ठेवता, बघितलं.

घरी येऊन ते संगणकावर लोकांची मतं वाचत बसत. त्यात एक फायदा झाला. जो कॅमेरा त्यांना नापास करता येत नव्हता, तो दुसऱ्या कुणीतरी केलेला असेच.

मध्ये लेकीचा फोन आला. मिळालं का, म्हणून तिने विचारलं.

"चालू आहे," नापासराव गंभीरपणे म्हणाले. "योग्य साधन मिळत नाहीये. घाईने काढण्यात अर्थ नाही."

साधन म्हणजे वडील मिठासाठी सोनाराचा काटा बघतायत, अशी लेकीची समजूत झाली असावी. "बाबा, घरात आहे त्याच्यावर भागवा की," ती म्हणाली. "साधा चमचासुद्धा चालेल मला."

पोरीची विनोदबुद्धी एवढ्या मळमळीतही शाबूत आहे, याचं नापासरावांना फार बरं वाटलं. तिने आज काय खाल्लं, ते मात्र विचारायचं राहिलं. ते बायकोने त्यांच्या हातातून फोन ओढून घेऊन विचारलं. उत्तर आलं, अर्धा टोस्ट, आणि तोही टिकला नाही. फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली. नापासरावांना त्या पुसण्याचा अर्थ कळला. आपण पोरीचं जेवण एका पट्ट्याच्या शिवणीवर अडकवून ठेवलंय, हे त्यांना लख्ख दिसलं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं ठरवून ते दुकानात गेले, आणि गेल्यागेल्या दोन नापास केले.

"काका," दुकानदार म्हणाला, "तुम्हाला फोटो काढायचेत की चुका काढायच्यात?"

नापासराव काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले. दुपार झाली होती. दुकानदाराने दाराची पाटी उलटी केली, गिऱ्हाइकाकडे जरा पाठ फिरवली आणि चहाच्या मोठ्या कपात एकेक बिस्किट बुडवून सोडायला लागला. बुडालेली बिस्किटं तळाशी विरघळली, तसा तो लगदा चमच्याने काढून खाऊ लागला. बघताना नापासरावांना आधी शिसारी आली आणि मागोमाग माया. हाही झाकण ठेवून खाणाऱ्यांतलाच.

"घरी कुणाला सांगू नका," दुकानदार न वळता म्हणाला. "जेवायला डबा आहे. पण सकाळपासून तुम्ही होता ना."

मग कपाट उघडून त्याने दुसरा कप काढला.

कोमट, गोड, काही चावायला न लागणारा तो लगदा पोटात गेला, आणि नोकरीत कधीही न घडलेली गोष्ट घडली. नापासरावांची नजर मऊ पडली. काउंटरवर मघाशी नापास केलेला काळा कॅमेरा होता. तो त्यांनी उचलला आणि काय वाईट आहे ते आठवेना म्हणून घेऊन टाकला. घरी जाताना त्यांना वाटत राहिलं, की कारखान्यात दुपारचा चहा बंद करायचा निर्णय व्यवस्थापनाने का घेतला, ते आपल्याला आज कळलं.

चित्रीकरण लगेच दुसऱ्या सकाळी ठरलं. बायकोने ओटा घासला, खिडकीचा पडदा बदलला आणि ठेवणीतला लोकरीचा स्वेटर घातला. अगं, शेगडीपुढे उभं राहायचंय, असं नापासराव म्हणाले. तिचं म्हणणं, लेक बघणार आहे.

बटाटे उकडले, कुस्करले. पाव दुधात भिजला. लोणी सुटलं. दूध उकळी न येता नुसतं थरथरत होतं आणि बायको सवयीच्या हाताने ढवळत होती. नापासराव एक डोळा मिटून, श्वास रोखून, मागे सरकत होते, पुढे येत होते. मग तिने पातेलं खाली उतरवलं आणि मीठ घातलं.

"थांब," नापासराव म्हणाले. "हात आडवा आला. मीठ दिसलं नाही. परत घाल."

"परत?"

"जरासं. कॅमेऱ्यापुरतं."

तिने कॅमेऱ्यापुरतं घातलं. तेवढ्यात वाफ आली आणि भिंग धुरकटलं. नापासरावांनी भिंग पुसलं आणि अजून एकदाच, शेवटचं, म्हणाले. त्या शेवटच्यानंतर एक खरोखरचं शेवटचं झालं. बायकोने फक्त मिठाची बरणी त्यांच्या हाताजवळ आणून ठेवली.

खायला बसल्यावर पहिल्या घासाला दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"पास?" बायकोने विचारलं.

नापासरावांनी ताटलीतलं सगळं संपवलं. त्यानंतर दिवसभर ते पाणी पीत होते, आणि एवढ्या शिक्षेवर आपण स्वस्तात सुटलो, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी शेजारच्या बाईंच्या मदतीने चित्रफीत लेकीकडे गेली. पाठवण्याआधी बघायचा धीर नापासरावांना झाला नाही. बघितली असती तर नापास केली असती, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

थोड्याच वेळात फोन आला. नापासरावांनी उचलला तर पलीकडून नुसता श्वास आणि हुंदके. मग कळलं, की पोरगी हसतेय. जावयाचाही आवाज येत होता. तो बहुधा जमिनीवर बसला होता.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "पातेलं कुठाय?"

"म्हणजे?"

"सगळं धुकं आहे हो. मागे काहीतरी पांढरं हलतंय. आणि पुढे आईच्या स्वेटरचं बटण आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इतकं स्वच्छ बटण मी जन्मात बघितलं नव्हतं." ती पुन्हा हसायला लागली. "त्याचं एक भोक तिरकं आहे, बाबा."

नापासरावांनी बायकोच्या स्वेटरकडे पाहिलं. खरंच होतं. काठाकडे जराशी झुकलेली, त्यांनीच वाडग्यात टाकलेली, त्यांच्याच घराण्यात आलेली चूक. नव्या कॅमेऱ्याने आपण होऊन नेमकी तीच निवडली होती. कॅमेऱ्यालाही इतक्या लवकर त्यांची सवय लागावी, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

"पण मी तुला नीट काढून पाठवायला..." ते म्हणाले.

"अहो, काढून म्हणजे चित्र नव्हे. आईच्या तोंडून काढून. विचारून." आता तिचं हसणं दमलं होतं, आणि आवाज मात्र कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा लागत होता. "मला एवढंच हवं होतं, की मीठ पातेलं उतरवायच्या आधी घालते की नंतर. भूक लागलीये हो मला. खरीच."

म्हणजे एवढे दिवस, एवढे कॅमेरे, एवढा दुकानदार. नापासरावांनी फोन छातीशी धरला, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, एक हात चौकटीला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी बरोबर काय ते विचारलं.

"अगं, मीठ आधी की नंतर?"

"उतरवल्यावर. शेगडीवर घातलं तर दूध फाटणारच की," बायको म्हणाली. "हे कधी विचारलंच नाही तिने मला. किती, किती, एवढंच विचारत होती." मग तिने ओल्या फडक्याने ओट्याकडे बोट दाखवलं. "आणि तो तुमचा कॅमेरा उचला तेवढा. खाली मिठाचा ढीग आहे, मला पुसायचंय."